डोकं दुखतं, मळमळतं, उलटी झाली की बरं वाटतं... हे खरंच पित्त आहे का?

"डोकं दुखतंय आणि मळमळतंय," असं मराठी घरात कुणी म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सकाळपासून काही खाल्लंस का?" उत्तर काहीही असो, निदान तयार असतं. पित्त झालंय. मग इनो येतो, कोकम सरबत येतं, थंड दूध येतं. फारच झालं तर आजी सांगते, "घशात बोटं घाल, पित्त पडलं की मोकळं वाटेल." आणि खरंच, बऱ्याचदा उलटी झाल्यावर मोकळं वाटतंही. त्यामुळे निदान आणखी पक्कं होतं.

मी नववीपासून पंचविशीपर्यंत अशीच पित्ताची पेशंट होते. नाशिकमध्ये राहून रविवारी मिसळ खायला जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. मित्रमैत्रिणी रस्सा मागवायचे आणि मी रुमाल नाकाला लावून सावली शोधत बसायचे. दुपारपर्यंत घरी, पडदे ओढून, शेजारी बादली. सगळ्यांच्या मते, माझ्याही मते, दोष मिसळीचा होता. अँटासिड वर्षानुवर्षं खाल्लं, तिखट सोडलं, एन्डोस्कोपी झाली, त्यात काही निघालं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी पोटाबद्दल न विचारता डोक्याबद्दल तीन प्रश्न विचारले.

तेच प्रश्न आधी तुम्हीही स्वतःला विचारून बघा.

तीन प्रश्न

डोकं दुखत असताना मळमळतं किंवा उलटी होते का? डोकं दुखत असताना उजेडाचा त्रास होतो का, म्हणजे नेहमीपेक्षा खूप जास्त? आणि गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा तरी दिवस काम, अभ्यास किंवा घरातलं नेहमीचं करणं अडलं का?

तीनपैकी दोन उत्तरं 'हो' असतील तर हे पित्त नसून मायग्रेन, म्हणजे आपली जुनी अर्धशिशी, असण्याची शक्यता बरीच आहे. ही छोटी चाचणी अमेरिकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आजही वापरली जाते. हे पक्कं निदान नाही, ते डॉक्टरांनीच करायचं. पण या तीन प्रश्नांमध्ये 'डोकं किती दुखतं' हा प्रश्नच नाही, हे लक्षात घ्या. मळमळ आणि अडलेला दिवस, या दोन गोष्टी मायग्रेन ओळखायला वेदनेपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

'अर्धशिशी' या नावामुळे आणखी एक घोळ होतो. अर्धंच डोकं दुखलं तर अर्धशिशी, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात अनेकांचं दोन्ही बाजूंनी दुखतं, काहींचं मानेपासून सुरू होतं. डॉक्टर बघतात ते असं: अटॅक ४ ते ७२ तास टिकतो का, ठणका लागतो का, जिना चढल्यावर वाढतं का, मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास आहे का, आणि असे किमान पाच अटॅक येऊन गेलेत का. यासाठी बहुतेक वेळा स्कॅन लागत नाही, नीट ऐकून घेणारा डॉक्टर लागतो.

आजार दुर्मीळ अजिबात नाही. बंगळुरू आणि आसपासच्या गावांत १८ ते ६५ वयाच्या लोकांचं एक मोठं सर्वेक्षण झालं होतं, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात वर्षभरात मायग्रेन झालेल्यांचं प्रमाण साधारण चारात एक इतकं निघालं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो.

मग मळमळ कुठून येते?

मेंदूतून. मायग्रेनमध्ये चेहरा आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस आणि तिच्याशी जोडलेली मेंदूतली केंद्रं चेकाळतात. या केंद्रांच्या अगदी शेजारी, मेंदूच्या देठात, उलटीचं नियंत्रण करणारी केंद्रं आहेत. ती एकमेकांशी जोडलेली आहेत. म्हणून काही जणांना डोकं दुखायला लागण्याच्याही आधी मळमळायला लागतं.

याच वेळी पोटाचं काम मंदावतं. खाल्लेलं पुढे सरकत नाही, पोट गच्च वाटतं, करपट ढेकर येतात. तक्रार खरी असते आणि पोटातच जाणवते. म्हणून 'पित्त' म्हणणारी आजी खोटं बोलत नसते. तिला दिसतं ते बरोबर असतं, कारण फक्त वेगळं असतं.

उलटीत शेवटी पडणारं पिवळं-हिरवं कडू पाणी हा तर सगळ्यांना पुरावाच वाटतो. पण पोट रिकामं झाल्यावरही उलट्या चालू राहिल्या की लहान आतड्यातलं पित्त उलटं वर येतं. कुठल्याही कारणाने सतत उलट्या झाल्या तरी हेच होतं. म्हणजे ते उलटीचं कारण नाही, उलटी लांबल्याचा परिणाम आहे. (अंगावर उठणारं पित्त हे आणखी तिसरंच प्रकरण, ती ॲलर्जी. एका शब्दावर आपण किती ओझं टाकलंय बघा.)

आणखी एक फसवा पुरावा म्हणजे 'पित्ताची गोळी घेतली की मला बरं वाटतं'. पॅन-डीसारख्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात: ॲसिड कमी करणारं पँटोप्राझोल आणि मळमळ थांबवून पोट पुढे ढकलणारं डॉम्पेरिडोन. मायग्रेनच्या अटॅकमध्ये बरं वाटतं ते या दुसऱ्यामुळे. श्रेय मात्र पहिल्याला जातं आणि माणूस पुढची दहा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडची गोळी खातो.

आता मिसळीचा खटला. अटॅक येण्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि काहीतरी चमचमीत किंवा गोड खावंसं वाटतं. ते आपण खातो, मग डोकं दुखतं आणि दोष त्या पदार्थावर जातो. माझ्या बाबतीत तर आरोपी अख्खा रविवार होता. उशिरा उठणं, नेहमीचा सातचा चहा दहाला, अकरा वाजेपर्यंत पोट रिकामं आणि मग मखमलाबादच्या रस्त्यावर उन्हात नंबर लावून उभं राहणं. झोपेची वेळ बदलणं, चहा-कॉफीची वेळ चुकणं, उपास घडणं आणि तीव्र ऊन, ही चारही मायग्रेन चाळवण्याची ओळखीची कारणं आहेत. हल्ली मी सकाळी उठल्या उठल्या चहा आणि दोन खारी खाते, मग मिसळीला जाते. रस्साही घेते.

सुश्रुताला काय दिसलं होतं

आयुर्वेदाच्या नावाने 'सगळं पित्तच' म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. सुश्रुतसंहितेत डोक्याच्या आजारांचे अकरा प्रकार दिलेत. त्यातला 'अर्धावभेदक' हा अर्ध्या डोक्यात भेदल्यासारखं दुखणारा, दहा-पंधरा दिवसांनी किंवा अचानक उसळणारा असा वर्णिला आहे. उन्हाबरोबर चढणारा आणि सूर्य कलला की उतरणारा 'सूर्यावर्त' वेगळा दिलाय. म्हणजे ठरावीक काळाने परत येणारी ही डोकेदुखी स्वतंत्र आजार आहे, हे तेव्हाही ओळखलं होतं. आपल्याकडे अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खायचा उपाय सांगतात. जिलबीत औषध नाही, पण पहाटे उठून पोटात काहीतरी गेलं, उपास घडला नाही, एवढा फायदा होत असावा असा माझा आपला अंदाज.

गोळी घेतली तरी चढतंच, असं का?

मळमळीकडे दुर्लक्ष केल्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. तोंडाने घेतलेली गोळी प्रामुख्याने लहान आतड्यात शोषली जाते. अटॅकमध्ये पोट मंदावलेलं असतं, त्यामुळे गोळी पोटातच पडून राहते. तासाभराने उलटी झाली की बाहेर. मग आपण म्हणतो, 'मला कुठलीच गोळी लागू पडत नाही'.

म्हणून वेळ महत्त्वाची. डोकं हलकं दुखत असतानाच, मळमळ चढण्याआधी घेतलेली गोळी जास्त चालते. 'अजून थोडं बघू' म्हणण्यात तीच वेळ निघून जाते. दुसरं म्हणजे ज्यांना दर वेळी मळमळतं त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून वेदनेच्या गोळीसोबत मळमळीचं औषध लिहून घ्यावं. त्यासाठी मेटोक्लोप्रमाइड, डॉम्पेरिडोन यांसारखी औषधं देतात. पण ती मनाने घ्यायची नाहीत. मेटोक्लोप्रमाइडने विशेषतः तरुण मुलामुलींत कधी मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. डॉम्पेरिडोन हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं.

खास मायग्रेनसाठी ट्रिप्टान गटातली औषधं आहेत. त्यातलं पहिलं सुमाट्रिप्टान नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. ते गोळी, नाकातला स्प्रे आणि इंजेक्शन अशा रूपांत असतं. इंजेक्शन पोटाला पूर्ण वळसा घालतं आणि सगळ्यात लवकर काम करतं. जिभेवर विरघळणाऱ्या रिझाट्रिप्टानच्या गोळीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. तिला पाणी लागत नाही, पाण्याच्या घोटानेच उलटी होणाऱ्यांना ते सोयीचं. पण ती जिभेतून शोषली जात नाही, तीही पोटातूनच जाते. हृदयविकार असणाऱ्यांना किंवा बीपी ताब्यात नसणाऱ्यांना ट्रिप्टान देत नाहीत. काही स्वस्त, जुन्या मायग्रेनच्या गोळ्यांच्या पाकिटामागे 'एर्गोटॅमिन' लिहिलेलं असतं. ती गरोदरपणात चालत नाहीत आणि ट्रिप्टान घेतल्यापासून २४ तासांत तर अजिबात नाही.

यात एक सापळा आहे, आणि तो मेडिकलच्या काउंटरवरच लागलेला असतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान, एर्गोटॅमिन किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यात १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. सॅरिडॉन या दुसऱ्या प्रकारात मोडते. पर्समध्ये पट्टी असते, दर दोन दिवसांनी एक जाते, मोजत कुणीच नाही.

महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस जात असतील तर अटॅक येऊच नयेत म्हणून रोज घ्यायच्या औषधांचा विचार करतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही त्यातली नेहमीची नावं. गूगल केलं की घाबरायला होतं, कारण एक बीपीचं निघतं, एक डिप्रेशनचं, एक फिटचं. घाबरू नका, ती मायग्रेनसाठीही वापरतात, बहुधा कमी डोसमध्ये. प्रत्येकाची अट वेगळी: दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, मूल हवं असेल तर टोपिरामेट नको, फ्लुनारिझिनने वजन आणि उदासी वाढू शकते. परिणाम कळायला दोन महिने तरी लागतात. अटॅकचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं मानतात. पूर्ण बंद होतील या आशेने तिसऱ्या आठवड्यात सोडून देणारे पुष्कळ असतात, मीही एकदा सोडलं होतं.

नाशिकचा एक दिवस, मळमळ धरून

सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडवरून पंचवटी एक्सप्रेस पकडणाऱ्यांना विचारा. साडेपाचला उठायचं, उपाशीपोटी निघायचं, डब्यात कुणाचा तरी वडापाव, कुणाचं तरी अत्तर. वासाचा त्रास हे मायग्रेनचं पक्कं लक्षण आहे, नखरा नाही. घरातून निघताना पोळीचा एखादा रोल, भिजवलेले बदाम, काहीही खाऊन निघणं एवढा एक बदल बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. आलेपाकाची वडी खिशात ठेवायला हरकत नाही. आल्याने मळमळ कमी होते याला थोडाफार आधार आहे.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षं खुडणाऱ्या बायका त्याआधीच्या उन्हातही दिवसभर राबतात. त्यांना 'टोपी घाला, पाणी प्या' हे सांगणं सोपं आहे, पण रोजंदारीत 'आज डोकं दुखतंय' म्हणून बसता येत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी दर आठवड्याला बदलते. झोपेची घडी विस्कटणं हे मायग्रेनचं आवडतं निमित्त. राज्य कामगार विमा लागू असलेल्यांना आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात सहसा धरत नाहीत. मायग्रेनचा अटॅक साधारण तेवढाच असतो. म्हणजे सोय आहे, पण या आजाराच्या मापाची नाही. अपंगत्व हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यातही मायग्रेनचं नाव नाही.

मग गणपती. नाशिक ढोल ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही तो नाशिककर नाही, हे मान्य. पण मिरवणुकीतले लेझर दिवे आणि डीजेच्या भिंती यांचं काही खरं नाही. मी विसर्जनाच्या दिवशी दुपारच्या मिरवणुकीला जाते, रात्रीच्या नाही. असा अर्धा सण घ्यायची सवय लागली, की अख्खा सण गमावल्याचं दुःख कमी होतं.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे स्वयंपाकघर. फोडणीचा वास, कुकरच्या शिट्ट्या, ट्यूबलाइट, गॅसची धग. ज्या बाईचं डोकं फुटतंय तिच्याच हाती झारा असतो, कारण 'डोकंच तर दुखतंय'. अटॅकच्या दिवशी फोडणी दुसऱ्या कुणी तरी द्यावी किंवा त्या दिवशी फोडणीच नको. मऊ भात आणि मेतकूट यावर घर एक दिवस चालतं. आजारी माणसालाही तेच जातं. उलट्या होत असतील तर पेला भरून पाणी न देता चमच्याचमच्याने ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी द्या. आणि बोटं घालून उलटी काढू नका. उलटीनंतर अटॅक ओसरतो हे काही जणांच्या बाबतीत खरं आहे, पण मुद्दाम काढल्याने शरीरातलं पाणी जातं, दात झिजतात आणि घेतलेली गोळीही वाया जाते.

बायकांसाठी आणखी दोन गोष्टी. पाळीच्या सुमारास अटॅक येत असतील तर ती तारीख डॉक्टरांना सांगा, त्यानुसार औषध बदलतं. आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा येत असतील, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायला सांगतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. लग्न, पूजा, यात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मागवल्या जातात. त्यासुद्धा अशा वेळी विचारल्याशिवाय नकोत.

लहान मुलांचं वेगळंच असतं. काहींचं डोकं दुखतच नाही, नुसतं पोट दुखतं, मळमळतं, चेहरा पांढरा पडतो आणि झोपून उठलं की मूल खेळायला पळतं. घरच्यांना वाटतं शाळा बुडवायचं नाटक. हे वारंवार होत असेल आणि घरात कुणाला अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना 'पोटाची मायग्रेन असू शकते का?' एवढं जरूर विचारा.

कालनिर्णयवर खुणा करा

ॲप आहेत, पण भिंतीवरचं कालनिर्णय जास्त भरवशाचं. जिथे दुधाचा हिशेब लिहितो तिथेच. डोकं दुखलं त्या दिवशी 'डो', मळमळली तर 'म', गोळी घेतली तर 'गो', पाळीची तारीख. एवढंच. तीन महिन्यांनी मोजा: किती दिवस कामावर किंवा कॉलेजला गेला नाहीत, किती दिवस गेलात पण निम्म्याहून कमी काम झालं, किती दिवस घरातलं काम झालं नाही किंवा निम्मंच झालं, किती दिवस समारंभ, भेटीगाठी चुकल्या. या सगळ्यांची बेरीज करून त्रासाचं माप काढायची मायडास नावाची पद्धत डॉक्टर वापरतात. ५ पर्यंत किरकोळ, ६ ते १० सौम्य, ११ ते २० मध्यम आणि २१ च्या पुढे गंभीर. घरकाम यात नोकरीइतकंच मोजलं जातं, हे मला फार आवडलं. माझी पहिली बेरीज २७ आली होती. आई म्हणाली, "एवढे दिवस? मला वाटलं अधूनमधून होतं."

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे असतील आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. मग जनरल डॉक्टरांकडून न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका. जाताना कालनिर्णयची पानं आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा.

काही डोकेदुख्या मात्र मायग्रेन म्हणून घरी झोपून काढायच्या नसतात. क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी. ताप आणि आखडलेली मान. बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं, शुद्ध हरपणं किंवा भान सुटून बडबडणं. डोक्याला मार लागल्यानंतरची. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली. अशा वेळी पित्त की अर्धशिशी हा वाद घालत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

आणि घरात नेहमीचाच अटॅक आलेला कुणी असेल तर पडदे ओढा, मिक्सर बंद ठेवा, अगरबत्ती विझवा, बादली आणि ओला रुमाल हाताशी ठेवा, दार लोटून घ्या. दर दहा मिनिटांनी "आता कसं वाटतंय?" विचारायला आत जाऊ नका. उत्तर द्यायला तोंड उघडलं तरी मळमळतं.